ऑलिव्हच्या नादी लागलेला माणूस

‘हॉल अँड नाईट’चं अल्जिब्रा तुम्ही सोडवलं असेल, निदान एन्ट्रन्सची तयारी करणाऱ्या एखाद्या दादाच्या टेबलावर पाहिलं तरी असेल. त्यातला हॉल गणिताचा तास संपला की काय करायचा, माहितीये? मासे पकडायचा! सुईसारखं नेढं असलेला इवलासा गळ घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच गळावर ज्याने उभं आयुष्य टांगलं, त्या फ्रेडरिक हॅलफर्डची ही गोष्ट.

हॅलफर्ड 1844 मध्ये बर्मिंगहॅमला जन्मला. घरचा धंदा होता, पैशांची ददात नव्हती. 1868 मध्ये तो लंडनजवळच्या वॉन्डल नदीवर ट्राउट पकडायला जाऊ लागला आणि तिथे त्याला ‘ड्राय फ्लाय’ भेटली. यात गळाला गांडूळ लावायचं नसतं. पिसं आणि धागा गुंडाळून खोटा कीटक बनवायचा आणि तो पाण्यावर तरंगत सोडायचा. ट्राउट फसला तर वर येऊन तोंड मारतो.

नक्कल कुणाची करायची? मेफ्लायची. त्यातले ऑलिव्ह म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान जीव. आयुष्याचा बहुतेक काळ ते पाण्याखाली पिल्लाच्या रूपात, म्हणजे ‘निम्फ’ म्हणून काढतात. मग एक दिवस वर येऊन कात टाकतात, पंख उभे करून क्षणभर तरंगतात आणि उडतात. झुडपावर बसून पुन्हा एकदा कात! पंख फुटल्यावरही कात टाकणारे कीटक जगात फक्त हेच. प्रौढ मेफ्लायला खायला धड तोंडही नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं.

1879 मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात हॅलफर्डची गाठ जॉर्ज मॅरियटशी पडली. पुढे दोघं हॅम्पशायरच्या टेस्ट नदीकाठी कीटक गोळा करत, रंग जुळवत बसू लागले. तिथलं पाणी इतकं नितळ, की मासा प्रत्येक घास निरखून बघतो.

आता एक ऑलिव्ह तुम्हीच बांधून बघा. मेण लावलेला रेशमी धागा गळाच्या दांडीवर गुंडाळा. शेपटीसाठी कोंबड्याच्या पिसाचे तीन-चार तंतू. मोरपिसाच्या एका काडीवरची लव खरवडून तिला हिरवट रंग द्या आणि वळसे घाला, अंगावर खऱ्या कीटकासारख्या वळ्या उमटतील. साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगच्या पिसाचे दोन पंख उभे करा. शेवटी कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गोल फिरवा. चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या त्याच्या तंतूंवरच फ्लाय तरंगते. हा सगळा उद्योग सेंटिमीटरभर जागेत!

असे नव्वद नमुने हॅलफर्डने 1886 च्या पुस्तकात दिले. मॅरियटने त्यावर स्वतःचं नाव घालायला नकार दिला. 1889 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी हॅलफर्ड धंद्यातून मोकळा झाला. 1890 मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डनच्या पत्राला उत्तर म्हणून त्याने आपल्या फ्लाय पाठवल्या. गॉर्डनने त्यात तिथल्या खळाळत्या नद्यांना साजेसे बदल केले, आणि अमेरिकेत ड्राय फ्लाय रुजली.

इथवर सगळं छान. पण हॅलफर्ड मासे चिरून त्यांच्या पोटात काय आहे, तेही बघायचा. तिथे निम्फ सापडायचे. मासा पाण्याखालीही खातो, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही निम्फची नक्कल त्याने मोडीत काढली. वर तरंगणारी फ्लाय हीच खरी, बाकी सगळं कमअस्सल, असं त्याचं मत पक्कं होत गेलं. त्याच्या चाहत्यांनी तर त्याचा नियमच करून टाकला.

1910 मध्ये दोन पुस्तकं आली. एक हॅलफर्डचं, त्यात त्याने नमुने 33 वर आणले होते. दुसरं जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाचं. हॅलफर्डची पुस्तकं वाचूनच तयार झालेल्या या माणसाने शेजारच्या इचेन नदीवर बुडती फ्लाय वापरून बघितली होती, आणि मासे घेत होते! तेच त्याने लिहिलं. पुढे तो निम्फ बांधू लागला.

हॅलफर्ड 1914 मध्ये ट्युनिसहून परतताना वारला. वाद मात्र राहिला. 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर जाहीर चर्चा झाली. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या स्क्यूजला तेव्हाही आपल्या निम्फची बाजू मांडावी लागली. आज दोन्ही फ्लाय एकाच डबीत सुखाने नांदतात.

हॅलफर्डइतकं बारकाईने बघायला शिका, त्यात वाद नाही. फक्त जर्नलमध्ये रीडिंग लिहिताना एखादं आपल्या उत्तराशी जुळलं नाही, तर लगेच खोडू नका. ऑलिव्हचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली जातं, हे हॅलफर्डला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.