मांद्रेचे भाऊ दाजी आणि महाराज खटल्यातील साक्ष

मांद्रे : मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुने म्युझियम आहे. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. म्युझियम पाहायला गोव्यातून, सिंधुदुर्गातून, बेळगावातूनही माणसे जातात, पण हे लाड आपल्या मांद्रेचे, हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत तर त्यांचे गाव सावंतवाडी संस्थानातले मांजरे असे छापलेले आढळते. पेडणे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. त्यातूनच हा घोळ झाला असावा. सीमेवरच्या माणसाचे गाव कुठल्या राज्यात मांडायचे, हा प्रश्न तेव्हाही होताच म्हणायचा.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, जन्म १८२२ चा. घरची परिस्थिती बेताची, मातीच्या बाहुल्या विकून पोट भरणारे कुटुंब. पोरगा बुद्धिबळात मात्र तल्लख. एका इंग्रजाने त्याचा खेळ पाहिला आणि मुलाला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांना गळ घातली. मग मुंबई, एल्फिन्स्टनची शाळा, बक्षिसे, शिष्यवृत्त्या. वडील लवकर गेले. आई आणि धाकटा भाऊ नारायण यांची जबाबदारी भाऊंवर आली. त्याच सुमारास कच्छ-काठियावाडात जन्मतःच मुली मारण्याची जी चाल होती, तिच्यावर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले आणि १८५१ साली मुंबईत दवाखाना घातला. दवाखाना असा चालला की थोड्याच वर्षांत पैसा आणि नाव दोन्ही आले.

हे सगळे पणाला लावावे असा प्रसंग १८६२ मध्ये आला. गुजराती पत्रकार करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी आपल्या ‘सत्यप्रकाश’मध्ये वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांवर लेख लिहिला. तन, मन, धन गुरूला अर्पण करायचे या शिकवणीच्या आडून भक्तांच्या बायका-मुलींचा उपभोग घेतला जातो, असा त्यातला आरोप होता. सुरतच्या जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, असे भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. त्याबद्दल कोर्टाने त्यांना दंडही केला. तरी जातीबाहेर पडण्याच्या भीतीपुढे दंड तो काय?

जानेवारी १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. न्यायासनावर सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नोल्ड. भाऊ साक्षीला उभे राहिले आणि महाराजांपैकी काहींवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले आहेत, असे त्यांनी शपथेवर सांगितले. इतर साक्षीदारांना ऐकीव बोलतो, वैराने बोलतो म्हणून बाजूला सारता येत होते. डॉक्टरचे तसे करता येईना. पेशंटची गोष्ट डॉक्टरने चव्हाट्यावर मांडावी का, हा प्रश्न आजही कोणी विचारील, आणि तो गैर नाही. पण ते कोर्टात बोलले नसते तर देवाच्या नावाखाली सगळे झाकून गेले असते. २२ एप्रिल १८६२ रोजी मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. महाराजांना ११,५०० रुपये खर्च द्यावा लागला.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. दावा अब्रूचा, त्यामुळे त्या बायकांची संमती होती की नव्हती, हा प्रश्न कोर्टापुढे गुन्हा म्हणून आलाच नाही. योगायोग असा की भारतीय दंड संहिता त्याच वर्षी १ जानेवारीपासून लागू झाली होती. तिच्या कलम ३७५ मध्ये जिवाची किंवा दुखापतीची भीती घालून मिळवलेली संमती बाद होती, पण गुरूचा दरारा किंवा वाळीत पडण्याचा धाक यांचा उल्लेख नव्हता. संमतीचे वय होते फक्त १० वर्षे, ते १८९१ मध्ये १२ झाले. गप्प राहिली म्हणजे राजी होती, हा हिशेब तर पुढे शंभर वर्षे चालला. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या प्रकरणात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत याला महत्त्व देऊन दोन पोलिसांना सोडले. त्यावर देशभर ओरड झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, इस्पितळ अशा ठिकाणच्या अत्याचाराला वेगळी कलमे आली. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाचे नाव कायद्यात यायला २०१३ उजाडले. संमती म्हणजे शब्दांनी वा खुणेने दिलेला स्वखुशीचा स्पष्ट होकार, नुसता प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हेही तेव्हाच लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कायम आहे. भाऊंच्या मांद्रेत मात्र दंड संहिताच आली ती १९६१ ला पोर्तुगीज गेल्यानंतर.

खटल्यानंतर भाऊंचे दिवस सारखे राहिले नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये फुटला. त्यात त्यांनाही मोठा फटका बसला. तरी वैद्यकी, महारोगावरच्या औषधांचा शोध, जुने शिलालेख वाचणे चालूच होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने मुलींची एक शाळा निघाली होती आणि तिच्यासाठीचा निधी मित्रमंडळींनी जमवला होता.