बापाची गाडी, मुलाची गाडी

मोटार घ्यायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, लिटरला किती किलोमीटर जाते? डिकीत सामान किती मावते? गावच्या रस्त्यावर खालून घासणार तर नाही ना? दुसरा पक्ष रंगीत माहितीपत्रक उलगडून बसलेला असतो. त्याला गाडीचा घाट आवडलेला असतो, रंग आवडलेला असतो आणि रोज कामावर जातानाही ती चालवावीशी वाटली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे असते. बहुतेक घरांत हा वाद चार दिवसांत मिटतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका घरात मात्र तो पाव शतक चालला. त्या घरात बापाचे नाव होते हेन्री फोर्ड आणि मुलाचे एडसेल.

एडसेलचा जन्म ६ नोव्हेंबर १८९३ चा. हेन्री आणि क्लारा यांचे हे एकुलते एक अपत्य. तो अडीच वर्षांचा असताना वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये आपली पहिली मोटार तयार केली. ती दारातून बाहेर निघेना, म्हणून विटांची भिंत फोडावी लागली. अशा घरात वाढलेल्या मुलाला मोटारीचे वेड लागले नसते तरच नवल. शाळकरी वयातच तो मोटार चालवू लागला. पण बाप-लेकांच्या वेडाची जात निराळी होती. हेन्रीला यंत्र दिसे, एडसेलला आकार दिसे. त्याच्या वह्यांत मोटारींची चित्रे असत. कॉलेजात मात्र तो गेला नाही. शाळा संपली आणि तो थेट वडिलांच्या कारखान्यात दाखल झाला.

त्या कारखान्यात तेव्हा एकाच गाडीचे राज्य होते. १९०८ साली आलेली 'मॉडेल टी' ही उपयुक्ततेची मूर्तीच होती. जमिनीपासून उंच, चिखलातून सहज निघणारी, लोहाराला दुरुस्त करता येईल इतकी साधी. शेतकरी तिच्या मागच्या चाकाला पट्टा लावून लाकडे कापण्याची करवतदेखील चालवीत. १९१३ मध्ये हेन्रीने सरकत्या साखळीवर जोडणी सुरू केली आणि जिथे एका सांगाड्याला बारा तास लागत, तिथे दीड तासात काम होऊ लागले. सुरुवातीला साडेआठशे डॉलरच्या आसपास असलेली किंमत उतरत उतरत १९२५ च्या सुमारास २६० डॉलरवर आली. १९१४ पासून दहा-अकरा वर्षे ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. सामान्य माणसाला घोडागाडीतून मोटारीत बसवण्याचे श्रेय हेन्रीचेच, त्यात शंका नाही.

परंतु यश डोक्यात बसले की ते उतरत नाही. १९१२ साली हेन्री युरोपच्या दौऱ्यावरून परतला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला चकित करण्यासाठी सुधारित, झळझळीत लाल रंगाची नमुना-गाडी तयार ठेवली होती. सांगतात की हेन्रीने तिच्याभोवती काही फेऱ्या मारल्या आणि मग स्वतःच्या हातांनी तिची दारे उपसून काढली. परिपूर्ण वस्तूत सुधारणा सुचवणे हा त्याला अपमान वाटे.

अशा माणसाच्या खुर्चीवर पंचविशीतला एडसेल १९१९ च्या आरंभी बसला. अध्यक्षपद मुलाचे, अधिकार बापाचा. त्याच वर्षी हेन्रीने इतर भागधारकांचे सगळे भाग विकत घेतले आणि कंपनी पूर्णपणे घरची झाली. म्हणजे घरातला वाद हाच आता कंपनीचा वाद झाला.

एडसेल स्वभावाने मृदू होता. वडिलांशी तो चारचौघांत कधी भांडला नाही. पण जगात काय चालले आहे ते त्याला दिसत होते. रस्ते सुधारले होते. ज्याला नुसती धावणारी गाडी हवी, त्याला जुनी फोर्ड स्वस्तात मिळत होती. नवी घेणाऱ्याची ही दुसरी किंवा तिसरी गाडी असे, आणि त्याला आता थोडी ऐट, थोडा आराम, थोडा रंग हवा होता. 'जनरल मोटर्स'चा आल्फ्रेड स्लोन हे सारे हप्त्याने विकत होता. एडसेलचा साडू अर्नेस्ट कँझलर कंपनीत वरच्या पदावर होता. जानेवारी १९२६ मध्ये त्याने हेन्रीला अतिशय नम्र भाषेत एक टिपण लिहून हा धोका दाखवून दिला. काही महिन्यांतच त्याची नोकरी गेली. अध्यक्ष असलेला एडसेल आपल्याच साडूला वाचवू शकला नाही.

शेवटी खपाच्या आकड्यांनी जे सांगितले, ते ऐकावेच लागले. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी 'टी' बाहेर पडली. तिच्यात बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते. त्यानंतर जोडणी थांबली आणि नवी गाडी येईपर्यंत हजारो कामगारांवर बेकारीची वेळ आली. हट्टाची किंमत हट्ट करणाराच मोजतो असे नाही.

२ डिसेंबर १९२७ ला 'मॉडेल ए' लोकांसमोर आली. यंत्रभाग बापाचा, रूप मुलाचे. १९२२ मध्ये फोर्डने विकत घेतलेल्या महागड्या 'लिंकन' गाडीची ती जणू धाकटी बहीण दिसे. चारही चाकांना ब्रेक, पुढे न विखुरणारी काच, निरनिराळे रंग आणि वेग 'टी'पेक्षा कितीतरी जास्त. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्यातली. चार-साडेचार वर्षांत तिचा खप पन्नास लाखांच्या जवळ गेला. उपयोगी गाडी आणि आवडती गाडी ही एकच असू शकते, हे एडसेलने सिद्ध केले.

एवढे झाल्यावर तरी मुलाचा शब्द मानला जायला हवा होता. तसे झाले नाही. हायड्रॉलिक ब्रेकसाठी एडसेलला १९३९ च्या गाड्यांपर्यंत थांबावे लागले. एडसेलने मंजूर केलेल्या कोकभट्ट्या हेन्रीने बांधून होऊ दिल्या आणि नंतर पाडायला लावल्या, असे कंपनीतले लोक सांगत. पुढे हॅरी बेनेट नावाचा एक दांडगट माणूस हेन्रीचा उजवा हात बनला आणि मुलाचे स्थान आणखी आक्रसले.

मग एडसेलने आपले जग बाजूला उभारले. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा याच्याकडून त्याने १९३२-३३ मध्ये कारखान्याच्या जीवनावरची भव्य भित्तिचित्रे करवून घेतली. त्यांवर गहजब झाला तेव्हा तो चित्रकाराच्या पाठीशी उभा राहिला. १९३६ मध्ये पंचवीस हजार डॉलरच्या देणगीतून त्याने फोर्ड फाउंडेशन स्थापन केले. याच संस्थेने अमेरिकेबाहेरचे आपले पहिले कार्यालय १९५२ मध्ये नवी दिल्लीत उघडले.

गाड्यांचे वेडही सुटले नव्हते. बॉब ग्रेगरी हा नौकांचे आराखडे करणारा तरुण त्याने हाताशी धरला. दोघांनी मिळून एडसेलपुरती एक गाडी आखली. लांबलचक नाक, ठेंगणा बांधा, मागे उघड्यावर बसवलेले जादा चाक. १९३९ च्या सुरुवातीस तो ती फ्लॉरिडात सुट्टीवर घेऊन गेला आणि पाहणारे प्रत्येक जण तशीच गाडी मागू लागले. ती 'लिंकन कॉन्टिनेंटल'. हिशेबाने पाहिले तर ती व्यवहारी नव्हतीच. १९४८ पर्यंत जेमतेम पाच हजारांवर निघाल्या. पण १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आठ सुंदर मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ती होती.

ते पाहायला एडसेल नव्हता. पोटाच्या कर्करोगाने २६ मे १९४३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी तो गेला. शेवटच्या 'टी'मध्ये वडिलांच्या शेजारी बसला, त्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा बाप पुन्हा अध्यक्ष झाला; पण डळमळलेली कंपनी सावरली ती १९४५ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या एडसेलच्या थोरल्या मुलाने.

दैवाची थट्टा अशी की, १९५७ मध्ये कंपनीने त्याच्या नावाची 'एडसेल' गाडी काढली आणि ती सपशेल आपटली. दोन वर्षांत ती बंद झाली आणि अमेरिकेत 'एडसेल' म्हणजे फसलेला बेत, असा अर्थ रूढ झाला. ज्या गाडीची एक रेघही त्याने काढली नव्हती, तिचा डाग त्याच्या नावावर बसला.

तेव्हा पुढच्या वेळी घरात माहितीपत्रकावरून वाद रंगला, तर डिकी आणि मायलेज जरूर पाहावे. ते पाहणारे चुकत नसतात. पण कोपऱ्यात बसून वहीत चित्र काढणाऱ्याचेही एकदा विचारावे. हेन्रीला जगातल्या कोट्यवधी माणसांची गरज ओळखता आली. शेजारच्या आसनावरच्या मुलाची आवड मात्र त्याला कळली नाही.