मुखत्यारनाम्याचे मोल : सार्वजनिक काका



मुखत्यारनामा हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. जमिनीच्या किंवा कोर्टाच्या कामाला स्वतः जाणे जमत नसेल, तर आपण विश्वासातल्या माणसाला तो लिहून देतो. याच साध्या कागदावर पुण्यातील एका वकिलाने लोकप्रतिनिधित्वाची इमारत उभारली, हे आपणांस ठाऊक आहे काय? त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यास झाला. तरुणपणी ते पुण्यास आले. प्रथम सरकारी नोकरी व पुढे वकिली केली. त्या वेळी पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या. पण सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला? या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली.

सभेचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने कोणत्याही जातिधर्माच्या किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणला पाहिजे. अशा रीतीने सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ सभासद निवडले गेले. कायदेमंडळात लोकांनी निवडलेला एकही प्रतिनिधी नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे! सरकारचे कायदे लोकांना समजावून सांगणे आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे, हे दुहेरी काम सभेने पत्करले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांची साथ मिळाली. १८७५ साली तर हिंदी लोकांचे प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटात घ्यावेत, असा अर्जही सभेने केला.

आता आपल्या भागाकडे वळू. सभेने १८७२ साली शेतकऱ्यांच्या हलाखीची चौकशी हाती घेतली होती. परंतु सारा आणि सावकारी कर्ज यांखाली रयत पिचतच राहिली. १८७४ च्या अखेरीस आपल्या शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी जुन्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. तेव्हा दौंडचा बराच भाग याच भीमथडीत मोडत असे. गावोगाव कर्जरोखे जाळण्यात आले. मगच चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. सभेत सरदार, इनामदार, सावकार, वकील यांचाच भरणा अधिक होता, हेही विसरता येत नाही. ज्यांचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकले जात नाही, त्यांचा संताप शेवटी आगीच्या रूपाने बाहेर पडतो, हा धडा आपल्याच मातीने दिला आहे.

काका मात्र बोलून थांबणारे नव्हते. १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते जाड्याभरड्या खादीच्या पोशाखात गेले. गरिबांचा कोर्टखर्च वाचावा म्हणून त्यांनी लवाद कोर्टाचा पुरस्कार केला. १८७९ साली सरकारच्या रोषाची पर्वा न करता वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेतले. २५ जुलै १८८० रोजी ते निवर्तले.

वाचकहो, काकांना ५० सह्या मिळवण्यासाठी लोकांच्या दारी जावे लागे. आज अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मताचा हक्क घटनेने आपणहून दिला आहे. तरीही यादीत नाव आहे की नाही, हे आपण मतदानाच्या दिवशी पाहतो! मी वर्गात मुलांकडून चिठ्ठ्या टाकून वर्गप्रतिनिधी निवडून घेतो. चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजल्या की हरलेला मुलगाही निकाल मान्य करतो, असा माझा अनुभव आहे. मग ग्रामपंचायत, सोसायटी, साखर कारखाना आणि आपली शिक्षणसंस्था यांना वेगळा न्याय कसा लावावा? सभेला हजर राहा, हिशेब अदबीने विचारा, आणि पदावर असाल तर न विचारता दाखवा.

मत म्हणजे पाच वर्षांचा मुखत्यारनामाच होय. ती आपली अमानत आहे. ती पैशाला किंवा भाऊबंदकीला विकू नका. आणि ती ज्याच्या हाती सोपवाल, त्याच्याकडून तिचा जाब घेण्यास कचरू नका.