मेणवलीचा वाडा आणि नाना फडणवीस

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की जुन्या काळी वास्तू उभारणाऱ्यांची आठवण होते. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. तेथील वाडा, घाट व देवळे बांधणारे नाना फडणवीस यांची अल्प माहिती ग्रामस्थ व देणगीदार बंधु-भगिनींसाठी देत आहे.

नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. जन्म साताऱ्यास, दि. १२ फेब्रुवारी १७४२ रोजी. १७५६ साली वडील वारले व चौदाव्या वर्षी पेशव्यांची फडणिशी अंगावर आली. फडणीस म्हणजे सरकारी जमाखर्च व दप्तर सांभाळणारा. एक कागद जागेवर सापडला नाही तर आम्हां कारकुनांचा जीव खालीवर होतो; नानांकडे तर साऱ्या राज्याचे कागद! १७६१ मध्ये पानिपतावरून ते कसेबसे वाचून आले, पण आई तिकडेच अंतरली. पुढे बारभाईंचा कारभार, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई हे सर्वांस ठाऊकच आहे.

मेणवली गाव त्यांना १७६८ साली औंधच्या भवानराव प्रतिनिधींकडून मिळाले. तेथे १७८० च्या सुमारास त्यांनी वाडा बांधला. वाडा सहा चौकांचा. जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, आणि काही भिंतींवर चित्रे. बाहेरून पाहिले तर गढीच वाटते. मागच्या अंगास नदीवर दगडी घाट, त्यावर मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ. वाडा स्वतःसाठी झाला. घाटावर मात्र सारा गाव उतरतो. देवळाजवळ १७०७ सालची पंचधातूची मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरीमाता व बाळ येशू यांची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या स्वारीत मिळालेल्या घंटांपैकी ती एक. परधर्माची म्हणून कोणी ती वितळविली नाही, हे मला विशेष वाटते.

नानांची अनेक लग्ने झाली, पण मूल जगले नाही. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी त्यांना कैदेत टाकले. सुटून आल्यावर पूर्वीचा जोर राहिला नाही. दि. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या जिऊबाई, वयाने अगदी लहान. त्यांचे फार हाल झाले. लोहगडावर आश्रय घ्यावा लागला, मग इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलीस राहावे लागले. अखेर त्या मेणवलीस आल्या. दत्तक घेऊन त्यांनी घराणे चालविले.

नानांची दौलत पांगली. कागद मात्र मेणवलीच्या वाड्यात सुरक्षित राहिले. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते उजेडात आणले. मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध असलेला तो संग्रह साताऱ्याहून १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला.