निळ्या ज्योतीचे मोल

रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय असो वा चिपळूण, राजापूरचे एखादे कनिष्ठ महाविद्यालय. रसायनशास्त्राच्या पहिल्यावहिल्या प्रात्यक्षिकालाच विद्यार्थ्याची एका जर्मन नावाशी गाठ पडते. ते नाव म्हणजे बुन्सेन. बर्नरमुळे हे नाव घराघरांत पोहोचले खरे. परंतु तो बर्नर ज्यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आला, त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी रसायनशास्त्राच्या सेवेत आपला एक डोळा कायमचा गमावला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गॉटिंगेन या विद्यापीठनगरीत झाला. वडील तेथेच ग्रंथपाल व भाषांचे प्राध्यापक होते. वयाच्या विशीच्या आसपासच रॉबर्टने रसायनशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली आणि पुढे युरोपातील कारखाने व प्रयोगशाळा पायाखाली घातल्या. १८३४ साली त्यांनी बर्टहोल्ड या वैद्यकतज्ज्ञासमवेत आर्सेनिकच्या विषबाधेवर लोहाच्या सजल ऑक्साइडचा उतारा शोधून काढला. हे विष लवकरच आपल्याही जिवावर उठणार आहे, याची त्या तरुणाला तेव्हा कल्पना नसावी.

१८३६ साली कॅसल येथील तंत्रशाळेत नियुक्ती झाल्यानंतर त्यांनी कॅकोडिल वर्गातील संयुगांचा अभ्यास हाती घेतला. आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि पोटॅशियम ॲसिटेट यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा हा द्रव म्हणजे साक्षात संकटच. दुर्गंधी असह्य, वाफ विषारी आणि हवेचा स्पर्श होताच पेट घेण्याची प्रवृत्ती! तरीही अनेक वर्षे चिकाटीने काम करून बुन्सेन यांनी या संयुगांचे कोडे उलगडले. अणूंचा एखादा गट रासायनिक क्रियांमध्ये एकसंध राहून जणू मूलद्रव्यासारखा वागतो, या तत्कालीन सिद्धांताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. मात्र त्याची किंमत जबर होती. कॅकोडिल सायनाइडचा स्फोट होऊन त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि आर्सेनिकच्या विषबाधेने ते मृत्यूच्या दारातून परत आले.

या अपघाताने बुन्सेन खचले नाहीत, परंतु शहाणे झाले. कार्बनी रसायनशास्त्राकडे त्यांनी पुढे पाठच फिरवली. मारबुर्ग येथे असताना महागड्या प्लॅटिनमऐवजी कार्बन वापरून त्यांनी स्वस्त विद्युतघट तयार केला. झोतभट्ट्यांतून वाया जाणाऱ्या वायूंचे मोजमाप करून किती उष्णता फुकट जाते, ते कारखानदारांना दाखवून दिले. १८४६ साली ते आइसलँडला गेले आणि उकळत्या गीझरमध्ये तापमापक सोडून त्यांच्या उद्रेकाचे कारण शोधू लागले.

१८५२ साली ते हायडेलबर्ग विद्यापीठात आले. गावात नुकताच दगडी कोळशाचा वायू आला होता आणि नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. त्या काळचे दिवे काजळी धरीत, धुरकट पिवळी ज्योत देत. वायू जळण्यापूर्वीच त्यात योग्य प्रमाणात हवा मिसळली तर ज्योत स्वच्छ व अधिक उष्ण होईल, हे बुन्सेन यांनी ओळखले. विद्यापीठातील कुशल यंत्रकार पीटर देसागा यांनी १८५५च्या सुमारास ती कल्पना धातूत उतरविली. बुन्सेन यांनी या साधनाचे पेटंट घेतले नाही.

याच रंगहीन ज्योतीमुळे धातूंच्या क्षारांचे रंग स्पष्ट दिसू लागले. सोडियमची पिवळी, पोटॅशियमची फिकट जांभळी छटा आजही आपले विद्यार्थी ज्योत-परीक्षणात पाहतात. किर्खोफ या भौतिकशास्त्रज्ञ मित्रासमवेत बुन्सेन यांनी त्या प्रकाशाचे लोलकातून पृथक्करण केले. त्यातून १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये गवसली. सीझियमची अल्पशी मात्रा मिळविण्यासाठी खनिजजलाचे कित्येक टन आटवावे लागले होते.

धोका मात्र पाठ सोडीत नव्हता. पन्नाशी उलटल्यानंतर प्लॅटिनमवर्गातील धातूंच्या भुकटीचा अकस्मात भडका उडून त्यांचे हात भाजले. उरलेला डोळा थोडक्यात बचावला. एवढा अनुभवी हात, तरीही ही गत! जोखीम नवशिक्याला गाठते तशीच निष्णातालाही गाठते. फरक इतकाच, की बुन्सेन यांच्या काळात सुरक्षा-चष्मा व विषारी वायू ओढून घेणारे धूरकक्ष यांची आजच्यासारखी सोय नव्हती. आज ती असूनही चष्मा खिशात राहतो, ही खेदाची बाब.

खुद्द बर्नरही शिस्त मागतो. पेटविताना हवेचे छिद्र बंद हवे. तेव्हाची पिवळी ज्योत सहज नजरेस पडते. छिद्र उघडल्यावरची निळी ज्योत भर उजेडात दिसेनाशी होते आणि मोकळे केस वा ओढणी नकळत तिच्यावर जाते. वायू कमी व हवा जास्त झाली, तर ज्योत नळीतून खाली उतरून तळाशी जळू लागते. तेव्हा तापलेल्या नळीला हात न लावता वायूची तोटी आधी बंद करावी. परीक्षानळीचे तोंड स्वतःकडे वा शेजाऱ्याकडे रोखू नये. आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. नियम लहान आहेत. पण डोळे दोनच असतात.

रत्नागिरी जिल्ह्यासाठी हा प्रश्न परीक्षेतील गुणांपुरता नाही. रसायनशास्त्र शिकून येथील मुलांना लोटे-परशुरामच्या कारखान्यांत नोकरी मिळू शकते. २०२१च्या मार्चमध्ये त्याच वसाहतीत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. प्रयोगशाळेत लागलेली सवयच उद्या रिॲक्टरसमोर कामी येते.

बुन्सेन यांनी १८८९ साली, वयाच्या ७८व्या वर्षी निवृत्ती घेतली. ते अविवाहित होते. विद्यार्थी हाच त्यांचा परिवार. रॉस्को, टिंडल, लोथर मायर यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली घडले. १८९९ साली हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. बर्नरची तोटी फिरविण्यापूर्वी चष्मा डोळ्यांवर चढविणे, हे त्यांच्या स्मृतीला विद्यार्थ्याने केलेले सर्वांत साधे आणि सर्वांत उचित अभिवादन ठरेल.