रॉबर्ट बॉईल

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात बॉईलचा नियम एका ओळीत संपतो. त्यामागचा माणूस मात्र इतक्यात आटोपत नाही.

रॉबर्ट बॉईल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोर येथे झाला. कॉर्कच्या धनाढ्य अर्लचे ते चौदावे अपत्य. ऑक्सफर्डला रॉबर्ट हूक यांच्या साहाय्याने त्यांनी हवेचा पंप सिद्ध केला आणि हवेला स्प्रिंगसारखा जोर असतो, असे १६६० साली ग्रंथरूपाने मांडले. फ्रान्सिस लाइन या जेझुइट पंडिताला ते मान्य नव्हते. नळीतला पारा हवा तोलत नाही, एक अदृश्य दोरी तोलते, असे त्यांचे म्हणणे.

बॉईल यांनी प्रयोगानेच उत्तर दिले. वाकड्या काचनळीच्या बंद टोकात हवा कोंडली आणि उघड्या टोकातून पारा ओतला. पारा सुमारे २९ इंच अधिक चढला, दाब दुप्पट झाला आणि हवा निम्म्या जागेत मावली. १६६२ साली हे आकडे छापताना मूळ कल्पनेचे श्रेय त्यांनी रिचर्ड टाउनली यांना दिले. पुढे १८०२ मध्ये तापमान व आकारमान यांचा नियम प्रसिद्ध करताना गे-ल्युसॅक यांनीही चार्ल्स यांचे अप्रकाशित काम असेच नमूद केले.

१६८० साली रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले. पण शपथ घेणे मनाला पटेना, म्हणून बॉईल यांनी ते नाकारले. बहीण कॅथरीन वारल्यावर आठवड्याभरातच, ३१ डिसेंबर १६९१ रोजी, त्यांनीही देह ठेवला.

प्रयोगवहीत आकडे जुळवण्याचा मोह झाला, तर त्यांचा तक्ता आठवावा. मोजलेला दाब आणि नियमाने यावयास हवा तो दाब त्यात शेजारीशेजारी छापला आहे, फरक न लपवता.