विश्लेषण : लाकडी खोक्यातून मिळणारा वेग! साध्या फियाटची स्पोर्ट्स कार करणारे कार्लो अबार्थ कोण होते?

फेब्रुवारी १९५८. इटलीतील मोंझाच्या शर्यतपथावर एक चिमुकली फियाट ५०० फेऱ्या मारू लागली आणि सात दिवस, सात रात्री थांबलीच नाही. चालक बदलत होते, इंधन भरले जात होते, गाडी मात्र तीच. १६८ तासांनी ती उभी राहिली तेव्हा १८,१८६ किलोमीटर अंतर कापून झाले होते. सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटरहून थोडा अधिक. आज महामार्गावर कोणतीही हॅचबॅक हा वेग गाठते. पण त्या वेळी शोरूममधून बाहेर पडणाऱ्या फियाट ५०० चे इंजिन अवघे १३ अश्वशक्तीचे होते. आजच्या साध्या १५० सीसी मोटारसायकलीची ताकदही साधारण तेवढीच असते.

या गाडीवर हात फिरवला होता कार्लो अबार्थ यांनी. सामान्य माणसाला परवडणारी छोटी मोटार घ्यायची, तिचे मोजके सुटे भाग बदलायचे आणि रोज कामावर नेता येईल अशीच ठेवून तिला वेगवान करायचे, हा त्यांचा धंदा. आज मोटारी ‘मॉडिफाय’ करण्याचे जे वेड जगभर दिसते, त्याला कारखान्याची शिस्त देणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

रेल्वेशी शर्यत लावणारा तरुण

अबार्थ मूळचे इटलीचे नव्हेत. १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात त्यांचा जन्म झाला, नाव ठेवले कार्ल. पाश्चात्त्य राशीप्रमाणे वृश्चिक, म्हणून पुढे कंपनीच्या बोधचिन्हावर विंचू आला. लहानपणी खेळण्यातल्या स्कूटरच्या लाकडी चाकांना त्यांनी कातडी पट्टा गुंडाळला आणि मोठ्या मुलांना मागे टाकले, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. अशा गोष्टी माणूस मोठा झाल्यावरच जन्माला येतात. तरी हाती असलेल्या वस्तूत थोडा बदल करून पुढे जायचे, ही सवय त्यांना आयुष्यभर होती हे खरे.

तरुणपणी ते मोटारसायकल शर्यतपटू झाले. एका अपघातानंतर साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीकडे वळले आणि स्वतःच साइडकार बनवू लागले. १९३४ मध्ये त्यांनी थेट ओरिएंट एक्सप्रेसला आव्हान दिले. बेल्जियमचे ओस्टेंड ते व्हिएन्ना हे अंतर १,३०० किलोमीटरहून अधिक. ओस्टेंडकडे जाताना गाडी बिघडली आणि रेल्वे जिंकली. परतीच्या प्रवासात मात्र अबार्थ आधी पोहोचले. साइडकारसारखे अवघड वाहन रात्रंदिवस, त्या काळच्या रस्त्यांवरून हाकण्याचा हा प्रकार होता. यंत्राचा वेग आणि यंत्राचा टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाताना झालेल्या बिघाडाने त्यांना चांगलेच शिकवले असणार.

दुसरे महायुद्ध तोंडावर असताना युगोस्लाव्हियातील एका शर्यतीत त्यांना भीषण अपघात झाला. अनेक महिने रुग्णालयात गेले. शर्यतीचे आयुष्य तिथेच संपले. युद्धाची वर्षे त्यांनी ल्युब्लियानात काढली आणि नंतर ते उत्तर इटलीतील मेरानोला आले. कुटुंबाची मुळे तिथलीच. कार्लचे कार्लो झाले. वय चाळिशीकडे झुकलेले, हाती भांडवल नाही, आणि ज्या एका कामात नाव कमावले ते करायला शरीर तयार नाही, अशी त्यांची तेव्हाची स्थिती होती.

बुडालेल्या कंपनीतून काय मिळाले?

ओळखी मात्र होत्या. पोर्शे आणि पिएख या घराण्यांशी त्यांचा जुना संबंध होता. त्यातून तुरीनच्या चिझितालिया कंपनीसाठी पोर्शेने आखलेल्या ग्रां प्री मोटारीच्या प्रकल्पात ते आले. उद्योगपती पिएरो दुझिओ यांचे हे स्वप्न इतके महागडे ठरले की कंपनीच डबघाईला आली. दुझिओ अर्जेंटिनाला निघून गेले. अबार्थ यांच्या वाट्याला देण्यापोटी काही मोटारी आणि सुटे भाग आले. त्या सामानावर ३१ मार्च १९४९ रोजी ‘अबार्थ अँड कंपनी’ स्थापन झाली. बोलोन्यात नोंदवलेल्या या कंपनीने लवकरच तुरीनमध्ये, म्हणजे फियाटच्या अंगणातच, मुक्काम हलवला.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, सिसिलीतील मॉन्ते पेलेग्रिनोच्या घाट-शर्यतीत त्यांच्या मोटारीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. चालवणारे होते ताझिओ नुव्होलारी. इटलीच्या या दंतकथा बनलेल्या शर्यतपटूची ती अखेरची शर्यत. नाव झाले, पण शर्यतीत जिंकून पगार भागत नाहीत. अबार्थ यांना रोज विकता येईल असे काही हवे होते.

सायलेन्सरपासून सुरुवात

ती वस्तू मिळाली गाडीच्या शेपटीकडे. त्या काळच्या साध्या मोटारींच्या सायलेन्सरमध्ये आडवे पडदे असत. इंजिनातून निघालेला धूर त्यांना धडकत, वळणे घेत बाहेर पडे. आवाज कमी होई, पण धूर तुंबे आणि त्याला ढकलण्यात इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडे. अबार्थ यांच्या सायलेन्सरमध्ये सरळ जाणारी, बारीक छिद्रांची नळी होती आणि तिच्याभोवती काचतंतूंचा थर. धूर सरळ निघून जाई, आवाजाचा कर्कशपणा तंतू शोषून घेत. उरे तो जाड, घुमणारा आवाज.

ताकदीतली वाढ खरे तर माफक असे. पण काळा रंग, चकाकती तोंडे आणि तो आवाज यांवर इटलीतली तरुण पिढी लुब्ध झाली. जुन्या टोपोलिनोचा मालकही महिन्याच्या कमाईतून थोडे बाजूला काढून हा भाग बसवू शकत असे. अनेक कंपन्यांच्या, अनेक मॉडेलांच्या मोटारींसाठी सायलेन्सर बनू लागले आणि त्यातले बरेचसे परदेशी जाऊ लागले. कंपनीचे पोट या सायलेन्सरने भरले. शर्यतीच्या मोटारींचा खर्चही त्यानेच उचलला.

(आपल्याकडे पुण्या-मुंबईत पोलीस कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, तेव्हा दोष या तत्त्वाचा नसतो. आतला आवाज शोषणारा थरच काढून टाकलेली पोकळ नळी आणि अबार्थ यांची नळी यांत बराच फरक आहे.)

खोक्यात काय असायचे?

१९५५ मध्ये फियाट ६०० आली. इंजिन मागे, ६३३ सीसी, सुमारे २२ अश्वशक्ती. अभियंते दान्ते जाकोसा यांनी ती इटालियन कुटुंबाला स्कूटरवरून मोटारीत बसवण्यासाठी घडवली होती, शर्यतीसाठी नव्हे. अबार्थ यांनी पुढच्याच वर्षी तिचे इंजिन ७४७ सीसीपर्यंत नेले आणि ताकद जवळपास दुप्पट केली.

हे कसे साधले? सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटरवरून ६१ झाला, म्हणजे नावापुरताच वाढला. खरा बदल पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतरात होता. ते ५६ वरून ६४ मिलिमीटर झाले. त्यासाठी वेगळा क्रँकशाफ्ट लागला. हवा-इंधन जास्त यावे म्हणून मोठा कार्ब्युरेटर, झडपा अधिक वेळ उघड्या राहाव्यात म्हणून वेगळा कॅमशाफ्ट, आणि शेवटी अर्थातच तो सायलेन्सर.

हे सारे भाग लाकडी खोक्यात व्यवस्थित लावून विकले जात. मालकाने खोके घ्यायचे, आपली वापरातली फियाट ओळखीच्या मेकॅनिककडे न्यायची आणि बदल करून घ्यायचे. नवी स्पोर्ट्स कार घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला दारातली गाडीच वेगवान करून मिळे. सोमवारी ती कचेरीत जाई आणि रविवारी गावाजवळच्या घाट-शर्यतीत उतरे. ज्यांना खोक्याची उठाठेव नको, त्यांच्यासाठी अबार्थ यांच्या कारखान्यातून तयार गाड्याही मिळत.

१९६३ ची ‘५९५’ हे याचे सर्वांत लाडके उदाहरण. फियाट ५०० चे इंजिन तोवर ४९९.५ सीसीचे झाले होते. इथे अबार्थ यांनी उलट वाट धरली. पिस्टनचे अंतर ७० मिलिमीटरच ठेवले आणि सिलिंडरचा व्यास ६७.४ वरून ७३.५ मिलिमीटर केला. हिशेब केला की ५९४ सीसीच्या आसपास उत्तर येते, नाव त्यावरूनच. ताकद २७ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. मूळ गाडी ९५ च्या पुढे फारशी जात नसे.

मात्र ताकद वाढली की उष्णता वाढते, आणि ५०० चे इंजिन हवेवर थंड होणारे. नुसते सिलिंडर मोठे करून थांबले असते तर गाडी चार घाट चढून बसली असती. म्हणून तळाची तेलाची टाकी बदलली. पंख्यांसारख्या कडा असलेली, अधिक तेल मावणारी अ‍ॅल्युमिनिअमची टाकी आली. तेल जास्त, त्याला वारा लागण्याची सोय जास्त. सहाशेच्या वेगवान आवृत्त्यांत रेडिएटर थेट पुढच्या बंपरवर आला आणि मागचे इंजिनाचे झाकण उघडे ठेवण्याची पद्धत पडली. पुढे ती इतकी फॅशन झाली की ज्यांच्या इंजिनाला त्याची काही गरज नव्हती, तेही झाकण टेकू लावून उघडे ठेवू लागले! ब्रेकचेही तसेच. अधिक वेगवान मॉडेलांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. हौशी लोक आजही गाडीची ताकद आधी वाढवतात आणि ब्रेकचा विचार नंतर करतात. अबार्थ यांच्या कारखान्यात हे दोन्ही एकाच कागदावर आखले जात.

फियाटने हे का चालू दिले?

कारण त्यात फियाटचा फायदा होता. १९५७ ची पहिली फियाट ५०० ग्राहकांना फारशी रुचली नव्हती. मागे नीट आसन नाही, दारांच्या काचा खाली होत नाहीत आणि इंजिन अशक्त. अशा वेळी मोंझाच्या त्या सात दिवसांनी कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम केले. फियाटने अबार्थ यांच्याशी करार केला. फियाटवर आधारित गाड्यांनी जिंकलेल्या शर्यती आणि केलेले विक्रम यांच्या हिशेबाने त्यांना पैसे मिळू लागले. फियाट अर्धवट जोडलेल्या गाड्याही पुरवू लागली.

अबार्थ यांची कमजोरीही याच करारात होती. गाडी फियाटची, पैसा बव्हंशी फियाटचा, आणि चालू राहायचे तर शर्यती जिंकतच राहायचे. त्यांच्या स्वभावाला ते मानवले. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला महिनाभर उरला असताना, ते स्वतः विक्रमासाठी मोटारीत बसले. गाडी एका माणसापुरती, तीही सडपातळ माणसापुरती. धिप्पाड अबार्थ आत मावेनात, तेव्हा त्यांनी मुख्यतः सफरचंदे खाऊन ३० किलो वजन घटवले. गाडी रुंद करता आली असती. त्यांनी माणूस अरुंद केला आणि मोंझाला कमी अंतराचे वेगविक्रम नोंदवले.

कंपनी विकावी का लागली?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अबार्थ केवळ छोट्या गाड्यांवर समाधानी राहिले नाहीत. मोठी इंजिने, स्वतंत्र शर्यती मोटारी यांवर खर्च वाढत गेला. सायलेन्सर आणि खोक्यांच्या कमाईला तो झेपेनासा झाला. इकडे फियाट १९६९ मध्ये लान्चिया आणि फेरारीतील निम्मा हिस्सा घेऊन मोकळी झाली होती. १९७१ मध्ये अबार्थ यांनी आपली कंपनी फियाटला विकली. शर्यती मोटारींचा विभाग एन्झो ओझेला यांच्याकडे गेला.

नाव राहिले. ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या देखरेखीखाली तुरीनच्या कारखान्यात फियाटच्या रॅली मोटारी घडू लागल्या. त्यातल्या फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकले. तिसरे पाहायला अबार्थ नव्हते. ते व्हिएन्नाला परतले होते आणि २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, जिथे जन्मले त्याच शहरात, त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी संबंध

कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० आणि तिची पुढची पद्मिनी मुंबईकरांच्या अंगवळणी पडली, पण विंचवाची ती खोकी इथे रुळली नाहीत. विंचू महाराष्ट्रात आला तो २०१५ मध्ये. पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यात तयार झालेली, १.४ लिटर टर्बो इंजिनाची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो बाजारात आली. किंमत सुरुवातीला दहा लाखांच्या आत. चाहते मिळाले, विक्री बेताचीच राहिली. आता ती जुन्या बाजारातच शोधावी लागते. त्यातही शहाणा ग्राहक इंजिन मूळचेच आहे ना, हे आधी पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल आपल्याकडे मनाने करता येत नाही.

युरोपातील जुन्या ५९५ आणि ६९५ च्या खरेदीदारांपुढचा पेच वेगळाच आहे. सुटे भाग खोक्यातून मोकळेपणाने विकले गेल्यामुळे कारखान्यातून निघालेली अबार्थ कोणती, त्याच काळात कुण्या गावातल्या मेकॅनिकने घडवलेली कोणती आणि गेल्या वर्षी विंचू चिकटवलेली साधी फियाट कोणती, हे ठरवायला गाडीची कागदपत्रे, इंजिनावरचे क्रमांक आणि तळाच्या त्या तेलाच्या टाकीवरची अक्षरेसुद्धा तपासावी लागतात.